रात्रीची कबड्डी, अपुरा उजेड आणि नवा कॅमेरा

प्रश्न : मी उंबरमाळीत राहतो आणि लग्न, हळद, साखरपुड्याच्या फोटोंच्या ऑर्डरी घेतो. मूळचा कबड्डीवेडा असल्यामुळे हिवाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या रात्रीच्या स्पर्धांना कॅमेरा घेऊन जातो. पावसाळ्यात शाळा-कॉलेजच्या हॉलमध्ये मॅटवरची कबड्डी आणि बॅडमिंटन असते, तिथेही असतो. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे आणि त्यासोबत मिळालेल्या १८-५५ व ५५-२५० या दोन लेन्स. दिवसा फोटो चांगले येतात. रात्री किंवा हॉलमध्ये मात्र खेळाडूचे हातपाय हललेले दिसतात, आयएसओ वाढवला की फोटो दाणेदार होतो आणि कित्येकदा फोकस खेळाडूला सोडून मागच्या प्रेक्षकांवर बसतो. साठ-सत्तर हजार रुपये बाजूला काढले आहेत. फुल फ्रेम घेऊ की मिररलेस? आणि पेपरात प्रो कबड्डीचे येतात तसे फोटो त्यातून मिळतील का?
एक वाचक, उंबरमाळी (ता. शहापूर, जि. ठाणे)

उत्तर : त्या पैशांतले दहा हजारांच्या आसपास आधी काढा आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्या. बाकीची रक्कम एक हंगाम तशीच राहू द्या. नवा कॅमेरा तुम्हाला लागणार आहे, पण तो नेमका कशासाठी लागतो हे या लेन्सवर एक हिवाळा काम केल्याशिवाय नीट कळणार नाही.

तुमच्या तक्रारी तीन आहेत: हललेले हातपाय, दाणे आणि चुकणारा फोकस. पहिल्या दोन्हींचे मूळ एकच, सेन्सरपर्यंत पुरेसा उजेड पोचत नाही. तिसरीचे कारण वेगळे आहे, आणि नवी बॉडी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती तिथे.

आधी उजेडाचा हिशेब मांडू, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. हॉलमधल्या मॅटवर २०० लक्स उजेड पडतो असे धरू. तुमची १८-५५ लेन्स ५५ वर नेली, किंवा ५५-२५० पूर्ण लांब केली, की तिचे तोंड एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. आयएसओ ३२०० ठेवला तर बरोबर उजेडाचा फोटो यायला शटर सुमारे १/८० वर आणावे लागते. चढाई करणाऱ्याचा हात सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरतो असे समजा. शटर उघडे असेपर्यंत तो हात सहा सेंटिमीटर सरकलेला असतो. फोटोत बोटांच्या जागी धूर दिसतो तो यामुळे. आता त्याच हॉलमध्ये, त्याच कॅमेऱ्यावर, त्याच आयएसओला एफ १.८ ची लेन्स लावा. शटर जवळजवळ १/८०० वर जाते आणि तोच हात सहा मिलिमीटर सरकतो. बोटे मोजता येतात.

म्हणजे ही लेन्स तुमच्या जुन्याच कॅमेऱ्याला जवळजवळ दहापट उजेड देते. फुल फ्रेम काय देतो ते याच्याशेजारी ठेवून पाहा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, तुमच्या कॅननचा २२.३ बाय १४.९ चा. क्षेत्रफळ अडीचपटीहून थोडे जास्त, आणि दाण्यांच्या बाबतीत फायदाही साधारण तेवढाच. तुमच्या फोटोत आज जेवढे दाणे आहेत तेवढेच चालवून घेतले, तर फुल फ्रेमवर एफ ५.६ च्या लेन्सने तुम्ही फार तर १/२०० पर्यंत पोचाल. हात तरीही हललेलाच. शिवाय तुमची १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरला बसतच नाहीत, म्हणजे बॉडीवर सगळे पैसे घालून लेन्ससाठी पुन्हा खिशात हात. ५० आणि ८५ मिलिमीटरच्या एफ १.८ लेन्स मात्र उद्या फुल फ्रेम घेतला तर त्यालाही बसतात आणि अडॅप्टर लावून कॅननच्या मिररलेसलाही. त्यांच्यावरचा पैसा वाया जात नाही.

कमी उजेडातले फोटो शक्य झाले तेही लेन्समुळेच. जर्मनीत ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने १९२४ मध्ये एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा काढला. लुडविग बेर्टेले याने त्याच्यासाठी एफ २ ची लेन्स रचली होती. आत रीळसुद्धा नव्हते, काचेच्या प्लेटा घालाव्या लागत, आणि त्या प्लेटा आजच्या सेन्सरपुढे मंदच म्हणायच्या. तरी एरिख सालोमन या वकिलीचे शिक्षण घेतलेल्या माणसाने तो कॅमेरा घेऊन १९२८ पासून कोर्टाच्या खोल्या आणि राजकारण्यांच्या रात्रीच्या बैठका फ्लॅशशिवाय टिपल्या. मोठ्या तोंडाची लेन्स नसती तर ते काम झाले नसते.

५० घ्यावी की ८५, हे तुम्ही कुठे उभे राहता त्यावर ठरते. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. तुम्ही अंतिम रेषेच्या मागे तीन मीटरवर बसलात, तर तुमच्या बाजूला चढाईला आलेला खेळाडू बोनस रेषेवर असताना तुमच्यापासून पावणेपाच मीटरवर असतो. तुमच्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स लावून उभी फ्रेम धरली, तर तिथे सुमारे सात फूट उंची मावते. ताणलेला पाय, वर गेलेला हात, सगळा माणूस बसतो. ८५ ने तिथे फक्त चार फूट मिळतील, म्हणजे डोक्यापासून मांड्यांपर्यंतच. पण झटापट मध्यरेषेवर गेली, चढाईपटू लोळत रेषेला हात लावायला धडपडतोय आणि तिघेचौघे त्याच्या अंगावर आहेत, ते साडेनऊ मीटरवरचे दृश्य ८५ ने आडव्या फ्रेममध्ये आठ फुटांत घट्ट येते. ५० ने तेच चौदा फुटांत पसरते. म्हणून आधी ५०, पुढच्या वर्षी जमले तर ८५. ७०-२०० एफ २.८ चे स्वप्न तूर्त बाजूला ठेवा. ती ८५ चे काम सहज करते हे खरे, पण एफ २.८ आणि एफ १.८ यांच्यात उजेडाचा जवळजवळ अडीचपट फरक आहे आणि तुमच्याकडच्या रात्रींना तो परवडणारा नाही. एखाद्या मोठ्या स्पर्धेपुरती ती मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळते. विकत घेण्याआधी एकदा भाड्याने आणून वापराच, म्हणजे दीड किलोच्या आसपासचे वजन रात्रभर हातात धरवते का तेही कळेल.

आता सेटिंग. कॅमेरा ऑटोवर किंवा स्पोर्ट मोडवर असेल तर आजपासून मॅन्युअलवर आणा. रात्रीच्या मैदानामागे काळोख असतो. कॅमेऱ्याचे मीटर त्या काळोखाला उजळ करायला जाते, शटर आणखी मंद करते आणि खेळाडूचा चेहरा पांढराफटक पाडते. दिवे मात्र रात्रभर जवळपास तेवढेच असतात. सामना सुरू होण्याआधी मॅटच्या मध्यावर उभ्या असलेल्या खेळाडूचे दोन-चार फोटो काढून एफ १.८ किंवा २, शटर १/५०० ते १/८०० आणि त्यांना जुळेल तो आयएसओ एकदा ठरवा आणि मग सामनाभर त्याला हात लावू नका. मैदानाचा एक कोपरा अंधारा असेल तर तो आधीच ओळखून ठेवा. बॅडमिंटनच्या स्मॅशला १/१००० लागते, त्याखाली रॅकेट दिसत नाही.

आयएसओची धास्ती सोडा. दाणे आयएसओ वाढवल्यामुळे होतात असा सार्वत्रिक समज आहे. ते होतात उजेड कमी पडल्यामुळे. सेन्सरवर पडलेला उजेड चौपट झाला की दाणे निम्म्याने दबतात, एवढे गणित लक्षात ठेवा. भीतीने आयएसओ १६०० ठेवून काळा फोटो काढायचा आणि घरी कॉम्प्युटरवर तो उजळायचा, ही सगळ्यात वाईट वाट आहे. त्यात सावल्यांमध्ये चिखल होतो. तुमच्या १५००डी वर आयएसओ ६४०० ला बरोबर उजेडात काढलेला फोटो त्याहून किती तरी स्वच्छ येतो. फोटो रॉ मध्ये काढा. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ पासून दाणे काढणारी जी नवी सोय आली आहे ती रॉ फाइलवर थक्क करणारे काम करते. नवी बॉडी घेऊन दाण्यांत जो फरक पडेल, त्यातला बराचसा आज त्या एका बटणात मिळतो.

कॅमेरा नाही, लेन्स नाही, पण या सगळ्याहून स्वस्त असा एक उपाय तुमच्या हातात आहे, आणि तो शहरातल्या फोटोग्राफरच्या हातात नसतो. तुमच्याकडच्या स्पर्धा गावच्याच मंडळाच्या असतात. आयोजक ओळखीचे, मंडपवाला ओळखीचा. दुपारी बांबू ठोकत असतील तेव्हा जा. बहुतेक ठिकाणी सगळे दिवे एका बाजूला, स्टेजच्या तोंडाला बांधलेले असतात आणि खेळाडूंच्या अर्ध्या अंगावर काळोख असतो. तेच दिवे दोन लांब बाजूंना वाटून, रेषेपासून थोडे मागे, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीवर आणि खाली कलते बांधायला सांगा. खेळाडूच्या आणि पंचांच्या डोळ्यांत जाणार नाहीत एवढी उंची हवीच. एका दिव्याचे मैदानापासूनचे अंतर निम्मे केले की त्याचा उजेड जवळजवळ चौपट होतो, म्हणजे जास्तीचा दिवा न लावताही मैदान उजळते. दोन जादा एलईडी लावले तर आणखी उत्तम. खेळाडूंनाही याचा फायदा आहे. पायाला पकड घालायला झेपावणाऱ्या पोराला समोरचा पाय नीट दिसला पाहिजे. कार्यकर्त्यांना ही गोष्ट फोटोच्या कौतुकाने नाही पटली तरी दुखापतीच्या भीतीने नक्की पटते.

दिव्यांची आणखी एक खोड आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. १/८०० च्या शटरला मात्र कळते: एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, तिसऱ्यात अर्ध्या फ्रेमवर काळा पट्टा. कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात नेऊ नका. मैदानावर पोचल्यावर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्यांचा व्हिडिओ काढा. दिवे फडफडताना दिसले तर त्या रात्री त्रास होणार. चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडीला हा दोष नसतो, स्वस्तातल्या एलईडीला आणि जुन्या मेटल हॅलाइडला असतो. थ्री फेज असेल तर इलेक्ट्रिशियनला दिवे तिन्ही फेजवर वाटायला सांगा, फडफड पुष्कळ कमी होते. तुमच्या कॅमेऱ्यात यावर उपाय नाही, पण २०१४ च्या ७डी मार्क टू पासून कॅननने फ्लिकर ओळखून दिवा प्रखर असतानाच शटर उघडण्याची सोय द्यायला सुरुवात केली. नवी बॉडी घेताना मेनूत ही सोय आहे का ते पाहा. मिररलेस घेतलात तर अशा दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, पट्टे आणखी वाढतात.

फ्लॅशविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो: लावू नका. दम धरून चढाईला आलेल्या, समोर सात जणांकडे डोळे लावलेल्या खेळाडूच्या तोंडावर फ्लॅश मारणे धोक्याचे आहे. बॅडमिंटनमध्ये तर त्याला मनाईच असते.

आता तिसरी तक्रार, फोकस. एफ १.८ ला खोली फार कमी मिळते. बोनस रेषेवरच्या खेळाडूच्या पुढेमागे मिळून जेमतेम दोन फूट पट्टा स्पष्ट येतो. मध्यरेषेवर ८५ ने पावणेतीन फूट. तेवढ्यात फोकस बसला पाहिजे. तुमच्या १५००डी मध्ये फोकसचे नऊ बिंदू आहेत आणि त्यांतला फक्त मधला बिंदू कमी उजेडात भरवशाचा आहे. बाकीचे आठ बंद केल्यासारखे समजा. हलत्या खेळाडूमागे फोकस नेणारा एआय सर्व्हो मोड लावा, मधला एकच बिंदू निवडा आणि तो चढाईपटूच्या छातीवरच्या नंबरावर ठेवा. नंबराच्या काळ्या-पांढऱ्या कडांवर फोकस पटकन बसतो, घामाने चमकणाऱ्या त्वचेवर घसरतो. कस्टम फंक्शनमध्ये जाऊन फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या तारांकित बटणावर द्या. अंगठ्याने फोकस धरून ठेवायचा आणि बोटाने फक्त क्षण टिपायचा. पहिले काही सामने हात अडखळेल, मग परत जुन्या पद्धतीकडे जावेसे वाटणार नाही.

तीन फोटो प्रतिसेकंद एवढाच तुमच्या कॅमेऱ्याचा वेग आहे, म्हणून बटण दाबून ठेवून नशिबावर सोडण्यात अर्थ नाही. इथे तुमचे कबड्डीवेड कामाला येते. बोनससाठी चढाईपटूचा पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो तेव्हा मागचा पाय हवेत असावा लागतो. त्या क्षणी सगळे अंग पुढे ताणलेले असते आणि लगेच मागे फिरायचे असते. दिशा बदलताना शरीराचा वेग क्षणभर शून्यावर येतो. तो क्षण १/२५० लाही स्वच्छ येतो, आणि कबड्डीतली सगळ्यात देखणी मुद्रा तीच आहे. उजव्या कोपऱ्यावरचा बचावपटू घोट्याला झेपावणार हे त्याच्या खांद्यावरून आधी कळते. ज्याने कबड्डी खेळली आहे त्याला ते दिसते. दहा-पंधरा फोटो प्रतिसेकंदाचा कॅमेरा घेतलेल्या पण खेळ न कळणाऱ्या माणसापेक्षा तुम्ही पुढे आहात, ही गोष्ट मी मनापासून लिहितो आहे.

एवढे सगळे करूनही पुढच्या मार्चपर्यंत एकच अडचण उरेल, ती म्हणजे फोकसची. मधल्या बिंदूमुळे प्रत्येक खेळाडू फ्रेमच्या मधोमध, आणि झटापटीत कुणीतरी आडवा आला की फोकस गेलाच. तेव्हा कॅमेरा घ्या आणि तो फोकससाठी घ्या. मेगापिक्सेल बघू नका. २४ तुमच्याकडे आहेत आणि ए फोर आकाराच्या उत्तम छपाईला नऊ पुरतात.

तुमच्या जागी मी कॅननचा आर १० आणि ईएफ लेन्सचा अडॅप्टर घेईन. २०२२ चा मिररलेस, सेन्सर तुमच्याच आकाराचा, पण माणसाचा चेहरा आणि डोळा ओळखून फ्रेमभर त्याच्या मागे जाणारा फोकस आणि मेकॅनिकल शटरवर १५ फोटो प्रतिसेकंद. लग्नातही डोळ्यावरचा फोकस तुमचे कष्ट निम्मे करील. पैसे कमी पडले तर जुन्या बाजारात ७डी मार्क टू किंवा ८०डी बघा. पहिल्यात फोकसचे ६५ बिंदू आणि १० फोटो प्रतिसेकंद, दुसऱ्यात ४५ आणि ७. दोन्हींत फ्लिकरची सोय आहे आणि तुमच्या सगळ्या लेन्स अडॅप्टरशिवाय बसतात. जुना ६डी स्वस्तात फुल फ्रेम मिळतो म्हणून अनेक जण सुचवतील. त्याचा सेन्सर सुरेख आहे, पण ११ बिंदू आणि साडेचार फोटो प्रतिसेकंद. लग्नाला चालेल, कबड्डीला तुमची आजचीच अडचण परत. लग्नांच्या ऑर्डरी वाढल्या आणि बजेट लाखापलीकडे गेले तर आर ८ चा विचार करा. फुल फ्रेम आणि नवा फोकस दोन्ही एकत्र मिळतील. निकॉनवाल्या वाचकांसाठी एवढेच, की जुन्या बाजारातला डी ५०० हा हॉलमधल्या खेळांसाठी आजही फार भक्कम कॅमेरा आहे. बॉडीतले किंवा लेन्समधले इमेज स्टॅबिलायझेशन ऐकून मात्र भुलू नका. ते तुमच्या हाताची थरथर थांबवते, खेळाडूला थांबवत नाही.

जुना कॅमेरा घ्यायला मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार आहे. कसारा लोकलने सीएसएमटीला उतरलात की चालत जाण्याच्या अंतरावर. जाताना तुमची ५० ची लेन्स आणि मेमरी कार्ड बरोबर न्या. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात मित्राला तुमच्याकडे झपझप चालत यायला सांगा, सर्व्होवर सलग फोटो काढा आणि तिथेच मोठे करून किती स्पष्ट आले ते बघा. शटर किती वेळा उडाले ते विचारा. ७डी मार्क टू चे शटर दोन लाखांसाठी आणि ८०डी चे एक लाखासाठी बनवलेले आहे. बिल आणि लेखी वॉरंटीशिवाय पैसे देऊ नका.

प्रो कबड्डीच्या फोटोंविषयी. २६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआयमध्ये यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्सच्या सामन्याने ती स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून तिथला प्रकाश टीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी आखलेला असतो: चारही बाजूंनी, फडफड नसलेला, तुमच्या हॉलच्या कैक पट. मागे काळोखात बुडवलेले प्रेक्षक. तिथे तुमचा १५००डी नेलात तरी निम्मे फोटो पेपरात छापण्याजोगे येतील. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, तोही तसाच दिव्यांच्या झगमगाटात. आपले मातीतले खेळ मॅटवर आणि छपराखाली येत आहेत, पुढे तालुक्यातही येतील. पण आज आश्रमशाळेच्या हॉलमध्ये किंवा शेत मोकळे झाल्यावर आखलेल्या मैदानावर खेळणाऱ्या पोरापोरींचे खेळतानाचे फोटो काढणारे तुमच्याशिवाय कोण आहे? ट्रॉफी हातात घेतलेले फोटो सगळ्यांचे असतात. पकडीतून सुटतानाचा, दात-ओठ खाऊन रेषेकडे झेपावतानाचा स्वतःचा फोटो फार थोड्या खेळाडूंकडे असतो. व्हॉट्सअॅपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढ्या कष्टाने मिळवलेली बारकाई तिथेच निघून जाते. आणि जमेल तेव्हा एखादा फोटो छापून त्या खेळाडूच्या घरी द्या.

प्रश्न : दोन वर्षे कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत पांढऱ्या जाळ्या दिसू लागल्या आहेत. रात्रीच्या फोटोत दिव्यांभोवती धुके येते. साफ होईल का?
एक वाचक, मुरबाड

उत्तर : ती बुरशी आहे. घाटाच्या पायथ्याच्या आपल्या पावसात ती धरणारच, आणि अंधाऱ्या बंद कपाटात चामड्याच्या पाकिटात ठेवली तर लवकर. दिवसाच्या फोटोत ती महिनोन् महिने कळत नाही, रात्री दिवा समोर आला की लगेच कळते. सुरुवातीची असेल तर चांगला कारागीर लेन्स उघडून ती पुसून देतो. काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर डाग राहतो. किट लेन्स असेल तर दुरुस्तीचे पैसे नव्या ५० एफ १.८ मध्ये घाला. खर्चाच्या मानाने तेच शहाणपणाचे.

पुढे असे करा. रबराची कड असलेला, घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणा. त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर कोरडे करून परत वापरता येते, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. जून ते सप्टेंबर लेन्स दर आठवड्याला बाहेर काढून वापरा. बुरशी लागलेली लेन्स चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांचा थर काचेवर बसतो.

हिवाळ्यात रात्रीच्या सामन्यांना दव पडते तेव्हा लेन्सला हूड लावा आणि दोन चढायांच्या मध्ये पुढची काच एकदा बघत चला. घरी आल्यावर थंडगार कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, बॅगेतच बंद राहू द्या, म्हणजे काचेवर पाणी धरत नाही. लेन्स बदलायची असेल तर मैदानाच्या कडेला बदलू नका. सामन्यात उडालेली माती हवेत बराच वेळ असते. गाडीत बसून किंवा वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून बदला. आणि जुनी लेन्स विकत घ्यायची वेळ आली, तर मागचे झाकण काढून, पाते पूर्ण उघडे ठेवून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. तिरके बघितले की कोळ्याच्या धाग्यासारखी जाळी असेल ती लगेच दिसते.